गिअर कोणी बदलावा?



वसईच्या किल्ल्याशेजारी, समुद्राच्या काठाला पाचूबंदर नावाचा कोळीवाडा आहे. भरतीच्या वेळी तेथे जाऊन थोडा वेळ उभे राहा. मासळी घेऊन परतणारी एखादी होडी किनाऱ्याजवळ आली, की तांडेल हाताशी असलेला एक दांडा ओढतो. क्षणभर पंखा थांबतो. मग दांडा आणखी मागे जातो, पंखा उलटा फिरू लागतो, पाणी ढवळून निघते आणि एवढी जड होडी नेमक्या जागी अलगद थांबते. इंजिन तेच, त्याची फिरण्याची दिशाही तीच. बदलला तो फक्त गिअर.

हे दृश्य सांगण्याचे कारण असे, की तुमच्यापैकी मोटारींचा नाद असलेल्या मुलामुलींमध्ये एक वाद हमखास रंगतो. पोर्शे, फेरारी यांसारख्या अतिवेगवान मोटारींना हाताने बदलायचा गिअर चांगला, की दोन क्लचचा स्वयंचलित गिअर? या मोटारी आपल्यापैकी बहुतेकांनी चित्रांतच पाहिल्या आहेत. त्यांच्या किमती पाहता उद्या दारात येतील असेही नाही. तरीसुद्धा हा वाद मला पोरकट वाटत नाही. कोणते काम यंत्राला सोपवावे आणि कोणते आपल्या हाती ठेवावे, हा प्रश्न त्यात दडलेला आहे, आणि तो तुम्हाला आयुष्यभर सुटणार नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. वेगाच्या कसोटीवर दोन क्लचचा गिअर श्रेष्ठ आहे, आणि हे मान्य करण्यात हातगिअरच्या चाहत्यांनी कमीपणा मानू नये. पण शिकणाऱ्याने आधी हातगिअर शिकावा, आणि कारखानदारांनी तो मोडीत काढू नये. असे का, ते आता क्रमाने पाहू.

होडीला एक, मोटारीला सात

आधी गिअर लागतो कशाला, ते समजून घेऊ. पाचूबंदरच्या होडीला पुढे जाण्यासाठी एकच गिअर पुरतो. मोटारीला पाच, सहा, कधी सात-आठ लागतात. असे का बरे?

पंखा पाण्यात फिरतो. तो हळू फिरत असताना पाणी त्याला फारसा विरोध करत नाही. फेऱ्यांचा वेग दुप्पट केला, तर पंखा फिरवण्यासाठी लागणारा जोर, म्हणजे टॉर्क, सुमारे चौपट होतो. उलट बाजूने पाहा: वेग निम्मा असताना जोर फक्त एक-चतुर्थांश लागतो. इंजिनाचेही असेच आहे. मंद गतीवर त्याची ताकद कमी असते, पण तेव्हा पंख्याची मागणीही कमीच असते. दोघांचे जमून जाते. इंजिनाच्या दोन-तीन फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा, एवढी एक कायमची घट केली की काम भागते.

मोटारीचे उलट आहे. तिला सर्वांत जास्त ओढ लागते ती उभ्या जागेवरून निघताना आणि चढ चढताना, म्हणजे चाके मंद फिरत असताना. आणि नेमक्या त्याच वेळी पेट्रोलचे इंजिन दुबळे असते. फारच मंद फिरवले तर ते बंदच पडते. म्हणून पहिल्या गिअरमध्ये साध्या मोटारीच्या इंजिनाचे बारा-पंधरा फेरे होतात, तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. वेग कमी, पण जोर तितक्या पटीने जास्त. वरच्या गिअरमध्ये इंजिनाच्या तीन-चार फेऱ्यांनाच चाकाचा एक फेरा. तरफेचा नियम तुम्ही शिकला आहातच: जोर वाढवायचा तर अंतर सोडावे लागते. गिअर म्हणजे फिरती तरफ.

याचा अनुभव गिअरच्या सायकलवर घेता येतो. पुढच्या चक्राला ४२ दाते आणि मागच्याला १४ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक तीन वेळा फिरते. मागे २८ दात्यांचे चक्र घेतले, तर दीड वेळा. पहिल्या जोडीवर चढ चढून पाहा, मग दुसऱ्या जोडीवर. पुस्तकातले समीकरण तुमच्या गुडघ्यांना समजेल.

दोन हातांनी दोर ओढणे

आता क्लच. चालू इंजिन आणि दंतचक्रे यांच्यामधला जोड हवा तेव्हा सोडणारी आणि हवा तेव्हा धरणारी ही तबकडी. हातगिअरच्या मोटारीत डाव्या पायाने क्लच दाबायचा, हाताने दांडा सरकवून दुसरी जोडी लावायची आणि क्लच हळूच सोडायचा. या वेळात इंजिनाची ओढ चाकांपर्यंत पोहोचत नाही. मोटार केवळ आपल्या गतीने पुढे जात राहते.

ही तूट कशी भरून काढायची? त्याचे उत्तर बंदरावरच आहे. जाळ्याचा दोर ओढणाऱ्या कोळ्याकडे पाहा. एका हाताने दोर ओढला जात असतो, तेव्हा दुसऱ्या हाताने पुढची पकड घेतलेली असते. पहिला हात सुटतो त्याच क्षणी दुसरा ओढू लागतो. दोर कधीच मोकळा सुटत नाही. दोन क्लचच्या गिअरपेटीत हेच घडते. १, ३, ५, ७ हे विषम गिअर एका शाफ्टवर असतात आणि त्यांना एक क्लच असतो. २, ४, ६ हे सम गिअर दुसऱ्या शाफ्टवर असतात आणि त्यांना दुसरा क्लच असतो. जागा वाचावी म्हणून एक शाफ्ट पोकळ करून दुसरा त्याच्या आतून नेलेला असतो. मोटार दुसऱ्या गिअरमध्ये धावत असतानाच संगणक तिसऱ्याची जोडी लावून ठेवतो. वेळ आली की एक क्लच सुटत जातो आणि दुसरा धरत जातो. गिअर बदलला तरी ओढ तुटत नाही.

येथे एक गैरसमज दूर करू. जुने ट्रकचालक ज्याला 'डबल क्लच मारणे' म्हणतात, ते वेगळे. तेथे क्लच एकच असतो, तो दोनदा दाबावा लागतो. मधे इंजिनाला थोडी गती देऊन दात्यांचे वेग जुळवायचे, नाहीतर गिअर करकरतो. हे काम आपोआप करणारी सिंक्रोमेश नावाची योजना १९२८ साली कॅडिलॅक मोटारीत आली, आणि मग ती सगळीकडे पसरली. म्हणजे आज आपण ज्याला 'हातगिअर' म्हणून मिरवतो, त्यातलेही निम्मे कसब यंत्राने केव्हाच उचलले आहे. त्याबद्दल कोणी डोळ्यांतून पाणी काढत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आणखी एक गंमत. मोठ्या होड्यांना हायड्रॉलिक गिअरपेटी बसवलेली असते, तिच्यातही बहुधा दोन क्लच असतात: एक पुढे जाण्यासाठी, एक मागे येण्यासाठी. दंतचक्रांच्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्याच असतात. कोणता क्लच धरायचा एवढेच तांडेलाचा दांडा ठरवतो. फरक असा, की होडीत दोन्हींच्या मधे थोडे थांबायचे असते, आणि वेगवान मोटारीत थांबायचेच नसते.

कल्पना जुनी, वेळ नवी

ही कल्पना काल-परवाची नाही. अडोल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याने दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ च्या सुमारास, दोन क्लचच्या गिअरपेटीचा आराखडा मांडला होता. १९८० च्या दशकात पोर्शे कंपनीने ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या मोटारींत ती वापरून पाहिली. सर्वसामान्य ग्राहकासाठी मोठ्या प्रमाणात ती आली २००३ साली, फोक्सवॅगनच्या गोल्फ आर-३२ या मोटारीत. पोर्शे ९११ मध्ये ती २००८ साली बसवण्यात आली.

मध्ये साठ-सत्तर वर्षे का गेली? दंतचक्रे तर आधीही कापता येत होती. अडले होते ते दोन क्लचना एकाच वेळी, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या हिशेबाने हलवण्यापाशी. त्यासाठी जलद आणि स्वस्त संगणक, संवेदक आणि तेलाच्या दाबावर चालणाऱ्या बारीक झडपा हव्या होत्या. विज्ञानाच्या इतिहासात असे अनेकदा घडते. एखादी कल्पना दारात येऊन उभी राहते आणि तिचे सोबती यायचे असतात.

महाराष्ट्राचाही या गोष्टीत भाग आहे. पुण्याजवळ चाकण येथील फोक्सवॅगनच्या कारखान्यात तयार झालेली पोलो जीटी टीएसआय ही छोटी मोटार २०१३ साली सात गिअरच्या दोन-क्लच पेटीसह बाजारात आली. पुढे त्याच कारखान्यातली व्हर्टस आली. ती काही शर्यतीची मोटार नव्हे, पण तिच्या दीड लिटरच्या इंजिनाची कथा बोलकी आहे. २०२२ साली हे इंजिन केवळ दोन-क्लच पेटीसह मिळत होते. २०२३ साली कंपनीने त्याला हातगिअरही दिला. पोर्शेचेही असेच झाले होते. ९११ जीटी-३ ही मोटार २०१३ साली फक्त दोन-क्लच पेटीसह आली, चाहते नाराज झाले, आणि २०१७ साली हातगिअर परत आला. कमी वेगवान वस्तू लोकांनी मागून घेतली! हे कसे?

अर्ध्या सेकंदाचा हिशेब

आधी ती किती कमी वेगवान आहे, ते पाहू. २०२१ सालच्या ९११ जीटी-३ चे कंपनीने दिलेले आकडे असे: उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटर वेग गाठायला दोन-क्लच पेटीला ३.४ सेकंद, हातगिअरला ३.९ सेकंद. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा फरक.

हा फरक येतो कुठून? साडेतीन सेकंदांत ताशी १०० किलोमीटर गाठणाऱ्या मोटारीचा वेग दर सेकंदाला सरासरी २८ किलोमीटरहून अधिक वाढत असतो. कुशल चालकाला गिअर बदलायला सेकंदाचे तीन दशांश लागले असे धरा. तेवढ्या वेळात मिळाला असता असा ताशी आठ-साडेआठ किलोमीटर वेग बुडाला. शिवाय निघताना चाके न घसरू देता क्लच सोडण्याचे काम संगणक प्रत्येक वेळी सारख्याच अचूकतेने करतो. माणसाला ते दहात दोनदा साधेल.

हातगिअरच्या बाजूनेही दोन गोष्टी आहेत. त्या मोटारीचे वजन सतरा किलोने कमी भरते, आणि तिचा कमाल वेग ३१८ ऐवजी ३२० आहे. पण म्हणून हातगिअर वेगवान ठरत नाही. शर्यतीत दर वळणाला गिअर बदलावे लागतात. तेथे दोन क्लचची पेटीच जिंकणार. हातगिअरवाल्यांनी हा मुद्दा सोडून द्यावा. चुकीच्या कारणासाठी बरोबर गोष्टीची बाजू घेतली, की ती गोष्टही चुकीची वाटू लागते.

'यंत्राने माणसाच्या हातून निर्णय काढून घेतला' हा दुसरा आक्षेपही पुरता खरा नाही. या मोटारींत सुकाणू-चक्रामागे दोन पाती असतात. बोटाने ओढले की गिअर वर किंवा खाली जातो. म्हणजे निवड चालकाकडे राहू शकते. गेली ती पायाची कला.

मग तिच्यासाठी एवढे हळहळायचे कशाला?

पायाला काय कळते?

क्लच सोडताना तळव्याला एक बारीक थरथर जाणवते. इंजिन आणि चाके यांची भेट होत असते, ती जागा पायाला कळते. चढावर थोडे आधी सोडले तर इंजिन गुदमरते. उशिरा सोडले तर मोटार मागे घसरते. इंजिनाचा आवाज, चढ, वजन आणि वेग यांचा मेळ शिकणाऱ्याला अंगाने कळू लागतो. घाटात उतरताना जुने चालक सांगतात, 'ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर.' त्यामागे इंजिनाचा रोध आहे. नुसत्या ब्रेकवर उतरले, तर ते तापून निकामी होऊ शकतात. हातगिअर चालवणाऱ्याला हे समजून घ्यावेच लागते. स्वयंचलित मोटार चालवणाऱ्यालाही खालचा गिअर लावता येतो, पण तशी गरज आहे हे त्याला आधी माहीत पाहिजे. पुढचे वळण, त्यापलीकडचा चढ आणि समोरून येणारा ट्रक हे चालकाच्या डोळ्यांना दिसतात. गिअरपेटीला बहुधा चाकांचा वेग आणि पायडलचा दाब एवढेच दिसते.

म्हणून माझे म्हणणे असे, की शिकण्यासाठी हातगिअर. तत्त्व अंगात भिनले, की पुढे खुशाल दोन क्लच घ्या. गणकयंत्र असूनही आपण पाढे पाठ करतो, ते याचसाठी.

स्पोर्ट्‌स मोटारीचेही तसेच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरसुद्धा मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. म्हणजे तीन सेकंदांनंतर कायदा मोटारीचा हात धरणारच! मग वाचवलेल्या अर्ध्या सेकंदाचे रस्त्यावर करायचे काय? खेळासाठी घेतलेल्या वस्तूत खेळणाराचे कसब शिल्लक राहावे, अशी मागणी चूक नाही. यांत्रिक होड्या आल्या तरी शिडाच्या होड्यांच्या शर्यती जगभर होतातच.

पण या बाजूने बोलताना तोल सोडू नये. वसईच्या बाजूला महामार्गावर वाहनांची रांग तासन्‌तास खोळंबते, तेव्हा शेकडो वेळा क्लच दाबणाऱ्या पायाला विचारा, त्यात कला किती आणि कळ किती! डाव्या पायाने अधू असलेल्या माणसाला क्लचचे पायडल नसलेली मोटार म्हणजे स्वातंत्र्यच आहे. 'खरा चालक तोच, जो हाताने गिअर बदलतो' अशी बढाई मला मान्य नाही. शिडे जाऊन इंजिने आली, तेव्हा कोळ्यांच्या खांद्यांवरचा भार हलका झाला. तो पुन्हा त्यांच्यावर टाका, असे कोण म्हणेल?

बिघडल्यावर काय?

माझ्या मते सर्वांत गंभीर मुद्दा वेगाचा नाही आणि आनंदाचाही नाही. तो दुरुस्तीचा आहे. हातगिअरच्या मोटारीची क्लचची तबकडी झिजली, तर तालुक्याच्या गावातला कारागीर ती बदलून देतो. दोन क्लचच्या पेटीत झडपा, संवेदक आणि संगणक यांचा एकत्र गठ्ठा असतो. तो तपासायला खास उपकरणे लागतात, नवा क्लच बसवल्यावर संगणकाला त्याची ओळख करून द्यावी लागते. पुष्कळदा दुरुस्ती होतच नाही, भाग बदलला जातो. म्हणजे ज्ञान गावातल्या गॅरेजमधून उठून कंपनीच्या दालनात जाऊन बसते.

भर समुद्रात गॅरेज नसते. तेथे इंजिन अडले, तर होडीवर जे हात आहेत आणि त्या हातांना जे ठाऊक आहे, त्यावरच परत येणे अवलंबून असते. पाचूबंदरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. आपल्या यंत्राचे पोट आपल्याला उघडता आले पाहिजे, ही मागणी आता जगभर होत आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, आणि तिच्या कक्षेत मोटारीही होत्या. हातगिअर टिकवा, असे मी म्हणतो त्याचे हे मोठे कारण आहे. आणि दोन क्लचची पेटी घ्यायची, तर तिची माहितीपुस्तके आणि तपासणीची साधने गावच्या कारागिरालाही मिळाली पाहिजेत, हे त्याचे दुसरे अंग.

तुमच्यापैकी जे उद्या आयटीआय किंवा अभियांत्रिकीकडे जाणार आहेत, त्यांनी हे मनावर घ्यावे. दोन क्लचची पेटी दुरुस्त करणारे हात आपल्या गावातही तयार होऊ शकतात. त्यासाठी पान्यासोबत संगणकही हाती धरावा लागेल. शिक्षकांना एक विनंती: जवळच्या गॅरेजमधून भंगारातली एक गिअरपेटी शाळेत आणा. मुलांना ती खोलू द्या, दाते मोजू द्या, गुणोत्तरे काढू द्या. फळ्यावरची आकृती दहा वेळा पुसली जाईल, पण हाताला लागलेले ग्रीस लवकर जात नाही.

कदाचित तुम्ही मोटार चालवण्याच्या वयाचे व्हाल, तोवर हा वाद वेगळ्याच कारणाने शिळा होईल. विजेच्या मोटरला उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर मिळतो. म्हणून विजेच्या बहुतेक मोटारींना गिअर एकच असतो. पोर्शेच्याच टायकान या २०१९ सालच्या विजेच्या मोटारीत मागच्या चाकांसाठी दोन आहेत, पण तो अपवाद. म्हणजे सात गिअर आणि दोन क्लच यांचा एवढा खटाटोप करून मोटार अखेर पाचूबंदरच्या होडीच्या रांगेत येऊन बसत आहे: एकच गिअर! कारणे मात्र वेगळी आहेत. होडीत पंख्याची मागणी कमी म्हणून, आणि येथे मोटरचा पुरवठा जास्त म्हणून. हा फरक ज्याला नीट सांगता येईल, त्याला गिअर समजला. मग तो हाताने बदलो वा बोटाने.